चुन्याची भिंत आणि कलाविद्यार्थी

कलाशाळेतील विद्यार्थी म्हणजे ग्रीक पुतळ्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीसमोर बसून छायाप्रकाश गिरविणारा तरुण, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाल रूढ होती. माती मळणे, चुना कालविणे ही कुंभार-गवंड्यांची कामे. कलावंताचा त्यांच्याशी काय संबंध? हा भेद पुसण्याचा एक खरा यत्न बडोद्यास झाला. तेथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात १९५० साली ललितकला विभाग निघाला. चित्रकलेची धुरा मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे, तर शिल्पकलेची शंखो चौधुरी यांच्याकडे आली. चौधुरी हे रामकिंकर बैज यांचे शिष्य. रामकिंकरांनी १९३८ साली शांतिनिकेतनात संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प उभारले, ते सिमेंट आणि जांभ्याची खडी यांतून. जांभा म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको!

पुढे १९६१ पासून या विभागात जत्रा भरू लागली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे अध्यापक आणि विद्यार्थी एकत्र बसून लाकूड, मणी, चामडे यांची खेळणी करीत. राघव कनेरिया यांनी तर भंगार लोखंडातून शिल्पे घडविली.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो चुना. विभागाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट यांनी राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठात जाऊन भित्तिचित्रणाचे शिक्षण घेतले. राजस्थानी पद्धतीत चुना व संगमरवराची पूड यांचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग भरतात, अकीकाने घोटतात आणि शेवटी खोबरेलाचा हात फिरवितात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो व रंग त्यात कायमचा बांधला जातो. कागदावरील रेघ खोडता येते. येथे गिलावा वाळेपर्यंतच काय तो अवधी.

हीच विद्या कोकणपट्टीच्या देवळांत कावी या नावाने नांदत होती. शिंपल्यांचा चुना आणि वाळू गूळ घालून आंबवावयाची, त्या गिलाव्यावर तांबड्या हुरमुंजीचा पातळ थर द्यावयाचा, तो ओला असताना अणकुचीदार हत्याराने खरवडून आतील शुभ्र नक्षी उघडी करावयाची आणि नदीतील गुळगुळीत गोट्यांनी घोटावयाची. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा कितीतरी भिंती पडल्या, कित्येकींवर तैलरंग व सिमेंट चढले. सिमेंटाने चुन्याच्या भिंतीतील ओल आत कोंडते आणि जुना गिलावा फुगून सुटतो, हे ध्यानात येईपर्यंत नक्षी गेलेली असते. भक्तांचा हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. पण गेलेली कावी वर्गणीने परत येत नाही.

देवस्थान समित्यांनी अग्रशाळेची मागील भिंत कलाविद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी मोकळी करून द्यावी. पहिले तुकडे तडकतील, रंग फिका पडेल. त्यांवरूनच वाळू किती आणि पाणी किती हे कळेल. चुना आंबण्यास सुमारे पंधरवडा लागतो. तेव्हा पाऊस ओसरताच तो भिजत घालावा.