शहरे का वाढतात?

गावाहून नवी आलेली सून मुंबईची गर्दी पाहून विचारते, “इतकी माणसे इथे आली तरी कशाला?” प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी दोन शहरांचा इतिहास पाहावा लागतो. एक इंग्लंडमधील मँचेस्टर आणि दुसरे आपली मुंबई. दोन्ही वाढली ती कापसावर.

मँचेस्टरची वस्ती १८०१ साली सुमारे पाऊण लाख होती; शंभर वर्षांत ती पाच लाखांवर गेली. वाफेची यंत्रे आली, १८३० साली लिव्हरपूलपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि गिरण्यांनी माणसे ओढून घेतली. कोंदट घरे व रोगराई तेथेही होती; पण व्यापारात पैसा साचला होता. म्हणून १८९४ साली थर्लमिअर सरोवराचे पाणी सुमारे शंभर मैलांवरून शहरात आणता आले.

मुंबईत १८५३ साली आगगाडी धावली; १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पण येथे नुसती गिरणीची ओढ नव्हती. कोकणच्या तुटपुंज्या शेतीचा रेटाही होता. कामापेक्षा माणसे अधिक आली आणि एकेका खोलीत दहा-दहा राहू लागली. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा कुठे १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन शहर सुधारण्याचे काम हाती घेतले गेले.

पुरुष एकटा येई, बायको गावी मनिऑर्डरची वाट पाही. त्याचे पोट भरीत गिरणगावातील खानावळवाल्या. सावकाराच्या कर्जात रुतलेल्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेची दारे उघडून दिली.

शहरे बदलतातही. मँचेस्टरची वस्ती १९३१ साली साडेसात लाखांवर होती. गिरण्या बसल्या आणि २००१ पर्यंत ती चार लाखांखाली आली. नव्या उद्योगांनी ती पुन्हा वाढत आहे. मुंबईत १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. त्या जागी आज मनोरे उभे आहेत. तिकडे बेकाराला सरकारी भत्त्याचा आधार होता. इकडे पुष्कळ घरांत तो भार बाईनेच पोळपाट-लाटण्यावर आणि शिवणयंत्रावर पेलला.

तेव्हा शहर काम मिळते म्हणून वाढते, तसेच गावी भागत नाही म्हणूनही वाढते. पण ते नांदते होते ते पाणी, घर आणि शेजार यांमुळे. पहिली दोन नगरपालिकेकडे मागायची. तिसरा मात्र आपणच जोडायचा.