ऑफसाइड, पेनल्टी आणि आपली भांडणं

आजचा विषय नाशिकला थोडा परका वाटेल. आपलं शहर क्रिकेटमध्ये रमणारं. पण वर्ल्डकपच्या महिन्यात रात्री दोन वाजता आपल्याही गल्लीत दिवे चालू असतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन वाद हमखास रंगतात. पहिला, ‘गोलकीपर आधीच हलला होता, पेनल्टी परत घ्यायला हवी होती.’ दुसरा, ‘तो ऑफसाइड नव्हताच!’ आज आपण याच दोन वादांचा इतिहास पाहणार आहोत. हे वाद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, हे आम्हाला सांगायचं आहे. फुटबॉलचे नियम अशाच वादांतून घडले आहेत. आणि वाद कसा घालायचा हे कळलं नाही, तर खेळ बंद पडतो, हेही आपल्या महाराष्ट्रात दिसतं.

पुढे उभं राहणं ही चोरी

आधी ऑफसाइड. इंग्लंडमध्ये 1863 साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि पहिले नियम लिहिले गेले. त्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू खेळातून बाद समजला जाई. म्हणजे पुढे पास देताच येत नसे. चेंडू घेऊन स्वतः पळायचं, बाकीच्यांनी मागून यायचं. शब्दाचा अर्थही तोच आहे. ‘साइड’ म्हणजे आपली बाजू, आपला संघ. त्यापासून सुटून पुढे जाऊन उभा राहिला तो ‘ऑफसाइड’. इंग्रजी शाळांतून हा खेळ वाढला, आणि तिथे असं पुढे टपून बसणं हा चोरटेपणा मानला जाई. म्हणजे हा नियम मुळात भूमितीचा नाही, नीतीचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण चेंडू पुढे देताच येत नसेल तर खेळाला रंग कसा येणार? 1866 मध्ये नियम सैल झाला. तुमच्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असतील, तर तुम्ही ऑफसाइड नाही. हा तिघांचा नियम जवळपास साठ वर्षं टिकला. 1907 मध्ये आणखी एक सवलत आली, ती म्हणजे स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुणी ऑफसाइड होत नाही.

आता माणसाची गंमत बघा. नियम आला की पळवाट येते. न्यूकॅसल युनायटेडचा बचावपटू बिल मॅक्रॅकन याने या नियमाचं हत्यार केलं. तिघांचा नियम असल्यामुळे गोलकीपर मागे ठेवून दोन बचावपटूंपैकी एकाने वेळ साधून दोन पावलं पुढे टाकली, की समोरचा आक्रमक आपोआप ऑफसाइड. यालाच आपण ‘ऑफसाइड ट्रॅप’ म्हणतो. इतर संघांनीही ही युक्ती उचलली. सामने शिट्ट्यांनी भरून गेले, खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात अडकला, प्रेक्षक कंटाळले.

शेवटी 1925 मध्ये तीनाचे दोन झाले. परिणाम किती झाला? इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये 1924-25 च्या हंगामात 1,192 गोल झाले होते. पुढच्या हंगामात, सामने तेवढेच असताना, 1,703. नियमातला एक आकडा बदलला आणि एका हंगामात पाचशेहून जास्त गोल वाढले. मग बचाव करणाऱ्यांनीही डोकं चालवलं. मधल्या फळीतला खेळाडू मागे ओढून तिसरा बचावपटू उभा केला. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने प्रसिद्ध केलेली डब्ल्यू-एम रचना यातूनच आली.

तो ‘दोघांचा’ नियम आजही आहे, आणि टपरीवरची निम्मी भांडणं तो नीट न वाचल्यामुळे होतात. ‘गोलकीपर आणि आणखी एक’ असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. ‘शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी’ असं लिहिलं आहे. गोलकीपर पुढे धावत आला असेल, तर ते दोघं बचावपटूही असू शकतात. दुसरं, ऑफसाइड जागेवर असणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेणं हा गुन्हा आहे. तिसरं, हात आणि बाहू मोजत नाहीत. चौथं, गोल-किक, कॉर्नर आणि थ्रो-इन थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. आणि पाचवं, 1990 पासून बरोबरीच्या रेषेत असलेला खेळाडू ऑनसाइड धरला जातो. त्याआधी तो ऑफसाइड असे. म्हणून घरातले काका आणि पुतण्या भांडतात तेव्हा कित्येकदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या सालातलं!

2018 मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे व्हीएआर, नियमपुस्तकात आला. बुटाच्या टोकावरून, काखेच्या रेषेवरून गोल रद्द व्हायला लागले. इथे आपण सुरुवातीला म्हटलं ते आठवा. चोरट्याला रोखण्यासाठी केलेला नियम आता सेंटिमीटर मोजतो आहे. ज्याचा फक्त गुडघा पुढे आहे तो चोर कसा, हा चाहत्यांचा प्रश्न चुकीचा नाही. अर्सेन वेंगर यांच्यासारखे जाणकार प्रशिक्षकही, आक्रमक आणि बचावपटू यांच्यात स्पष्ट अंतर दिसलं तरच ऑफसाइड द्यावा, असं मांडत आले आहेत.

पेनल्टी : एका गोलकीपरची कल्पना

आता पेनल्टी. 1863 च्या नियमांत पेनल्टी नव्हतीच. सभ्य गृहस्थ मुद्दाम नियम मोडणार नाही, असं गृहीत धरलेलं होतं. पण खेळ कामगारवस्त्यांत गेला, तिकीट लागलं, पैसा आला, हार महाग झाली. गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला तरी शिक्षा काय? साधी फ्री-किक. फेब्रुवारी 1891 मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात नॉट्स काउंटीच्या खेळाडूने जाणारा गोल हाताने अडवला. स्टोकला गोलरेषेजवळ फ्री-किक मिळाली. गोलकीपर चेंडूसमोरच येऊन उभा राहिला आणि गोल झाला नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर, आणि तरी सगळ्यांना दिसत होतं की हा अन्याय आहे.

यावरचा उपाय आधीच टेबलावर आलेला होता. तो सुचवणारा माणूस आयर्लंडच्या आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावचा. नाव विल्यम मॅक्रम. आणि तो स्वतः गोलकीपर होता! 1890 मध्ये आयरिश असोसिएशनने त्याची कल्पना पुढे मांडली, तेव्हा तिची टर उडवली गेली. सभ्य खेळाडूंवर हा संशय आहे, असा आक्षेप होता. पण 2 जून 1891 रोजी ग्लासगोच्या बैठकीत तो ठराव मंजूर झाला.

तेव्हाची पेनल्टी आजच्यासारखी नव्हती. गोलपासून 12 यार्डांवरच्या रेषेवर कुठूनही मारता येई, आणि गोलकीपर सहा यार्ड पुढे येऊ शकत असे. 1902 मध्ये पेनल्टीचा ठिपका आला. 1905 मध्ये गोलकीपरला गोलरेषेवर बांधलं. 1929 मध्ये किक बसेपर्यंत पायही हलवायचे नाहीत असं ठरलं. 1997 मध्ये रेषेवर आडवं सरकायची मुभा मिळाली. 2019 पासून, किक बसते त्या क्षणी एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत असला की झालं.

मग ‘आधीच हलला’ या वादाचं उत्तर काय? हलणं गुन्हा नाही, दोन्ही पायांनी रेषा सोडणं गुन्हा आहे. तशी रेषा सोडून त्याने चेंडू अडवला, तर किक परत. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर पिवळं कार्ड. पण चेंडू त्याला न लागता बाहेर गेला किंवा खांबाला लागून परत आला, तर गोलकीपरच्या हालचालीने मारणारा स्पष्टपणे विचलित झाला नसेल तोवर परत किक नाही. गोल झाला असेल तर प्रश्नच मिटला.

गोलकीपरची बाजूही ऐकू. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच, चेंडू 11 मीटरवर. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. बघून उडी मारायला वेळच नाही, अंदाज बांधावाच लागतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात 286 पेनल्टी तपासल्या होत्या. मधोमध मारलेले चेंडू सुमारे 29 टक्के होते, पण गोलकीपर मध्ये उभा राहिला तो फक्त 6 टक्के वेळा. का? उडी मारून गोल झाला तर लोक म्हणतात, प्रयत्न तरी केला. उभा राहून झाला तर म्हणतात, पुतळा होता का! म्हणजे गोलकीपर फक्त चेंडूशी खेळत नाही, तुमच्या-आमच्या बोलण्याशीही खेळतो.

आपल्याकडे

मॅक्रमचा ठराव मंजूर झाला त्याच वर्षी, 1891 मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. सुरुवातीच्या काळात तो गोऱ्या पलटणींचाच कप होता. भारतीय संघाने तो पहिल्यांदा जिंकला 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघाने. मधली 46 वर्षं लक्षात घ्या. नियम त्यांचा, शिट्टी त्यांची, आणि समोरचा संघही त्यांचाच. पंचाकडे संशयाने बघायची आपली सवय निदान काही अंशी तिथून आली असावी, असं आम्हाला वाटतं.

नाशिककरांना यासाठी मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक महिनोनमहिने पडून असत. इंग्रजीत वेडसरपणासाठी ‘डूलाली’ हा शब्द देवळालीवरूनच आला. ज्या 1925 साली ऑफसाइडचे तीन दोनावर आले, त्याच साली देवळालीत बार्न्स स्कूल सुरू झालं. पलटण आणि इंग्रजी शाळा, भारतात फुटबॉलचा नियम पसरला तो मुख्यतः याच दोन वाटांनी.

स्वतंत्र भारताची पहिली मोठी फुटबॉल हळहळही पेनल्टीचीच आहे. 31 जुलै 1948, लंडन ऑलिंपिक, समोर फ्रान्स. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. सामना 2-1 असा अगदी शेवटी हातातून गेला, आणि भारताने त्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या. एक शैलेन मन्ना यांची, दुसरी महावीर प्रसाद यांची. तेव्हा 1929 चा नियम लागू होता, म्हणजे गोलकीपरला पायही हलवायची परवानगी नव्हती! पेनल्टी म्हणजे फुकटचा गोल नव्हे, हे देशाने असं शिकून घेतलं.

बरोबरी सुटेना तर काय, हाही जुना प्रश्न. 1968 च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाचा उपांत्य सामना चक्क नाणं उडवून ठरला. 1970 मध्ये टायब्रेकर नियमात आला. 4 जुलै 2023 रोजी बंगळुरूत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने कुवेतला टायब्रेकरवर 5-4 हरवलं. सडनडेथमध्ये गुरप्रीत सिंग संधूने डावीकडे झेपावून किक अडवली, तेव्हा 1948 ची आठवण ठेवणाऱ्यांना काय वाटलं असेल!

पण आपल्या भागात फुटबॉलचा वाद खऱ्या अर्थाने जगतो तो कोल्हापुरात. तिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावं तिथल्या पोरासोरांना पाठ असतात. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते, आणि ऑफसाइडच्या एका झेंड्यावर अख्खा स्टँड उठून उभा राहतो.

तिथे व्हीएआर नाही. एक पंच, रेषेवर दोन साहाय्यक, आणि त्यांच्या पाठीशी हजारो तज्ज्ञ. कधी हा वाद शब्दांवर थांबत नाही. हुल्लडबाजी, दगडफेक, सामना थांबवणं, पोलीस बोलावणं, हे सगळं कोल्हापूरने पाहिलं आहे. आणि अशा वेळी नुकसान कोणाचं होतं? स्पर्धा लांबते, खेळाडूंचा हंगाम वाया जातो, आणि शिट्टी हातात घ्यायला नवा मुलगा पुढे येत नाही. पंचच मिळेनासा झाला, तर ऑफसाइड कोण देणार आणि वाद तरी कशावर घालणार?

आता दुसऱ्या बाजूला बघा. मॅक्रॅकनने पळवाट काढली, लोक ओरडले, 1925 मध्ये नियम बदलला. 2022 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने मारणाऱ्यांना सतावलं, आणि 2023 मध्ये गोलकीपरने मारणाऱ्याला विचलित करू नये, खांब-जाळीला हात लावू नये, हे शब्द नियमात आले. मार्च 2025 मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या हुलियन अल्वारेझचा पाय घसरला, चेंडूला दोनदा स्पर्श झाला आणि गोल रद्द झाला. जगभर वाद पेटला, आणि जूनमध्ये खुलासा आला की असं चुकून घडलं आणि गोल झाला, तर किक परत घ्यायची.

या प्रत्येक वेळी त्या दिवशीचा निकाल कायम राहिला. अल्वारेझला त्याचा गोल परत मिळाला नाही. बदलला तो पुढच्या माणसासाठीचा नियम. पंचाचा निर्णय आज मान्य करायचा आणि नियमावरचा आक्षेप उद्या, शांतपणे, लिहून मांडायचा. मिलफर्ड गावच्या गोलकीपरने नेमकं तेच केलं. मैदानात कुणाची कॉलर धरली नाही, असोसिएशनमार्फत ठराव पाठवला. आधी हसले, पण वर्षभरात मानले.

तेव्हा वाद जरूर घाला. काका-पुतण्यांनी घाला, पेठा-पेठांनी घाला. फक्त आधी नियम कोणत्या सालचा आहे ते बघा, आणि रेषेवर झेंडा घेऊन उभा असलेला मुलगा पुढच्या रविवारीही यायला हवा, एवढं ध्यानात ठेवा.