शिक्षा : एक शब्द, दोन नशिबे

आमच्या शेजारी उत्तर प्रदेशातून एक कुटुंब राहावयास आले. त्या घरच्या बाई एके दिवशी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "बेटी की शिक्षा की बड़ी चिंता है।" आमच्या आत्याबाई चटकन उद्गारल्या, "अगंबाई! एवढं काय केलं पोरीनं?"

हसू आवरल्यावर मनात आले, चूक ना त्यांची ना आत्याबाईंची. शब्द एकच, पण घरोघरी त्याचे नशीब निराळे!

मूळ शब्द संस्कृत. वेदांच्या सहा अंगांपैकी 'शिक्षा' हे एक. मंत्रांचे उच्चार शुद्ध कसे करावेत, ते सांगणारे हे शास्त्र. पाली भाषेत 'सिक्खा' म्हणजे शील, समाधी व प्रज्ञा यांचा अभ्यास. आपले 'शिकणे' त्याच कुळातले. हिंदी, बंगाली, उडिया या भाषांत शिक्षा म्हणजे विद्यादान. दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० साली हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' झाले, तेव्हा कित्येक मराठी घरांत थोडी गंमत झाली असेल!

आपल्याकडे मात्र शिक्षा म्हणजे दंड. कानडीत 'शिक्षे', तेलुगू व मलयाळममध्ये 'शिक्ष', अर्थ तोच. समुद्रापलीकडे इंडोनेशियात 'सिक्सा' म्हणजे चक्क यातना. आणि थायलंडात हाच शब्द, उच्चार बदलून, पुन्हा अभ्यास या अर्थी नांदतो.

विद्येचा दंड कसा झाला? उत्तर आपल्याच बोलण्यात आहे. "चांगला धडा शिकवला" असे आपण म्हणतो, तेव्हा पुस्तकातला धडा कोणाच्या मनात असतो? शिकवणे, वळण लावणे, मग अद्दल घडवणे. अशी ही उतरण आहे. छडीवाचून विद्या येत नाही, हा समज शब्दातच मुरला.

स्त्रियांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तेथे शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला. शिक्षण देण्याबद्दल शिक्षा भोगली ती त्यांनी; फळ मिळाले आपणांस.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. कायद्याने शाळेपुरती ही ताटातूट केली. घरात ती आपणच करावयाची आहे. "अभ्यासाला बस, नाहीतर बघ!" असे म्हणताना आपण ते दोन अर्थ पुन्हा एकत्र बांधतो.

भाषापंडित सांगतात की 'शिक्षा' हा शब्द 'शक्' या धातूपासून आला असावा. अर्थ, समर्थ होण्याची इच्छा. भगिनींनो, मुलाला पुस्तकाशी बसवताना हा मूळचा अर्थ मनात धरू या. आत्याबाई आता शेजारच्या मुलीला रोज विचारतात, "काय गं, आज काय नवं शिकलीस?"