मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ

मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ : दाट व रोगट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे, नव्या जमिनी घरबांधणीस योग्य करणे आणि गरिबांसाठी निवासस्थाने उभारणे यांकरिता १८९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले मंडळ. लोकव्यवहारात ते ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ या नावाने ओळखले जाई. कलकत्त्याचे मंडळ १९११ च्या कायद्यानंतरचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्‌भवली. व्यापार थंडावला व लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. अंधाऱ्या चाळी हेच रोगाचे मूळ, असे सरकारचे मत होते. नगरपालिकेत घरमालक व करदाते यांचे वर्चस्व असल्यामुळे हे काम तिच्यावर सोपविण्यास सरकार तयार नव्हते. म्हणून गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांच्या कारकीर्दीत स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. ग्लासगो शहरात १८६६ मध्ये झालेल्या कायद्याचे उदाहरण समोर होतेच.

मंडळाची खरी वैशिष्ट्ये त्याच्या अर्थव्यवस्थेत दिसतात. सरकार व नगरपालिका यांनी आपल्या काही मोकळ्या जमिनी मंडळाकडे सोपविल्या. भांडवल कर्जरोखे काढून उभारावयाचे, त्याचे व्याज व परतफेड जमिनींच्या भाड्यातून करावयाची आणि तूट नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातून वार्षिक अंशदान देऊन भरून काढावयाची, अशी योजना होती. मंडळावर नगरपालिकेने निवडलेले सदस्य मात्र अल्पसंख्य होते. पैसा करदात्यांचा आणि निर्णय इतरांचा, ही नगरपालिकेची तक्रार मंडळाच्या अखेरीपर्यंत राहिली व ती रास्तच होती.

भूसंपादनात निराळीच अडचण उद्‌भवली. नुकसानभरपाई घराच्या भाडेउत्पन्नावरून ठरत असे. त्यामुळे ज्या दाटीपायी घर पाडावयाचे, तीच दाटी घरमालकाच्या पदरी अधिक रक्कम टाकी. प्रिन्सेस स्ट्रीट (आता श्यामलदास गांधी मार्ग) आणि समुद्रावरील वारा शहराच्या अंतर्भागात आणण्यासाठी काढलेला सँढर्स्ट रोड (आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) यांच्या दुतर्फा असलेल्या जमिनींना चढे भाडे मिळवणे मंडळास भागच होते. तेथे पूर्वीचे रहिवासी परतणे शक्य नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरत व तेथील गर्दी वाढवीत. मंडळाने पाडलेल्या खोल्या त्याने बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक होत्या. नागपाडा, आग्रीपाडा, मांडवी-कोळीवाडा आदी ठिकाणी मंडळाने चाळी बांधल्या. परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते.

हा अनुभव लक्षात घेऊन अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी सरसकट पाडापाडीऐवजी इमारतींचे काही भागच काढून उजेड व हवा आणण्यावर भर दिला. त्यांनी पुरस्कारिलेल्या साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमानुसार खिडकीपुढील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या सुमारे निम्मी तरी असावी लागे. शहराच्या उत्तरेस मात्र मोडतोडीचा प्रश्न फारसा नव्हता. दादर-माटुंगा भागातील सखल जमिनींवर भर घालून, रस्ते व गटारे आखून, भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या त्यांतूनच उभ्या राहिल्या. त्यांचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गास झाला. गिरणी कामगारांना ती भाडी परवडणारी नव्हती.

कामगारांच्या घरांसाठी १९२० मध्ये सरकारने वेगळे विकास खाते स्थापिले आणि कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसविली. पन्नास हजार खोल्यांचे उद्दिष्ट होते. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे सु. सोळा हजारच झाल्या. याच खात्याने हाती घेतलेली बॅक बे भरावाची योजना खर्च व विलंब यांमुळे वादग्रस्त ठरली आणि १९२६ मध्ये तिची चौकशी झाली.

इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे काम नगरपालिकेकडे सोपविण्याची तरतूद १९२५ च्या कायद्याने झाली व १९३३ मध्ये ते तीत पूर्णतः विलीन झाले. त्याबरोबर त्याच्या चाळी, भाडेपट्ट्याच्या जमिनी आणि कर्जाचे दायित्वही नगरपालिकेकडे आले.