मस्तकाघात आणि उशिराचें शहाणपण

इ. स. १९२८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत डॉ. हॅरिसन मार्टलंड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा मथळा दोनच शब्दांचा होता, आणि ते शब्दहि वैद्यकाच्या कोशांतले नव्हते. मुष्टियुद्धाच्या रिंगणाभोंवतीं बसून पैजा लावणाऱ्या व आरडाओरडा करणाऱ्या लोकांच्या बोलींतून ते उचललेले होते. ‘पंच ड्रंक’ हे ते शब्द. आपल्या भाषेंत त्यांस ‘ठोशांची झिंग’ असें म्हणतां येईल. दारूच्या थेंबास न शिवतां ज्याचे पाय अडखळतात, जीभ जड होते, हात कांपतो आणि कालचें आज आठवत नाहीं, अशा जुन्या मुष्टियोद्ध्यास हे प्रेक्षक वर्षानुवर्षें हसत आले होते. त्यांच्या हंसण्यांत एक निदान दडलेलें होतें. परंतु तें निदान आहे हें ओळखावयास एक वैद्य यावा लागला.

मार्टलंड हे न्यू जर्सी संस्थानांतील एसेक्स परगण्याचे मुख्य वैद्यकीय परीक्षक होते. म्हणजे संशयास्पद मृत्यूंची शवपरीक्षा करून त्यांचें कारण ठरविण्याचें काम त्यांच्याकडे असे. तीनच वर्षांपूर्वीं याच गृहस्थांनीं घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चकाकणारा रंग भरणाऱ्या मुलींच्या शरीरांत तें विष सांचून राहतें असें दाखवून दिलें होतें. कुंचल्याचें टोंक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची संवय त्या मुलींस कारखान्यांतच लावण्यांत आली होती, आणि कारखानदार दोष मान्य करावयास तयार नव्हते. एकाच माणसाच्या हातून हीं दोन कामें व्हावीं हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. दोन्ही ठिकाणीं इजा एका क्षणांत होत नसे, ती थेंबाथेंबानें सांचत असे. आणि दोन्ही ठिकाणीं जिच्यामुळें इजा होई तीच गोष्ट इजा होणाऱ्याची भाकरी असे.

मार्टलंड यांचा पुरावा मात्र, खरें सांगावयाचें तर, तोकडा होता. मुष्टियुद्धाचे सामने भरविणाऱ्या एका गृहस्थानें त्यांस २३ जुन्या मुष्टियोद्ध्यांचीं नांवें दिलीं; त्यांपैकीं ५ जणांस ते स्वतः तपासूं शकले. मुष्टियोद्ध्याचा मेंदू उघडून पाहण्याची संधि त्यांस मिळाली नव्हती. इतर कारणांनीं डोक्यास मार लागून मेलेल्या माणसांच्या मेंदूंत खोलवर जे बारीक बारीक रक्तस्राव त्यांनीं पाहिले होते, त्यांवरून त्यांनीं अनुमान बांधलें. या धंद्यांत पुष्कळ दिवस टिकून राहणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस हा विकार कमीअधिक प्रमाणांत होतो असा त्यांचा अंदाज होता. त्यांचें एक निरीक्षण तर फारच मार्मिक आहे. नामांकित, चपळ, ठोसा चुकविणाऱ्या योद्ध्यांपेक्षां दुसऱ्या प्रतीचे, अंगावर मार झेलीत पुढें जाणारे, आणि विशेषतः मोठ्या योद्ध्यांना सराव मिळावा म्हणून रोजावर ठोसे खाणारे जे गरीब गडी, त्यांच्यांत ही झिंग अधिक आढळते, असें त्यांनीं नमूद केलें आहे. ज्याचें नांव कोणत्याहि जाहिरातींत येत नाहीं त्याच्याच डोक्याला सर्वांत अधिक मार, असा हा हिशेब होता.

येथें मुष्टियुद्धाच्या सुधारणेविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. १८६७ सालीं इंग्लंडांत मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं हातमोजे आवश्यक केले, तीन मिनिटांची फेरी ठरविली, आणि खालीं पडलेल्यास उठावयास दहा सेकंदांची मुदत दिली. हें सर्व दयाबुद्धीचें लक्षण म्हणून तेव्हांपासून सांगितलें जातें. पण उघड्या मुठीनें कवटीवर जोरानें मारलें तर मारणाराच्याच हाताचीं हाडें मोडतात. तीच मूठ कापूस भरलेल्या मोज्यांत घातली म्हणजे हात सुरक्षित राहतो आणि डोक्यावर वाटेल तितके वेळां मारतां येतें. चेहरा कमी फाटूं लागला, रक्त कमी दिसूं लागलें, आणि खेळ सभ्य झाला असें लोकांस वाटलें. आंतील मेंदूस या सभ्यतेचा कितपत लाभ झाला हा प्रश्न वेगळा.

मार्टलंड यांच्यानंतर नांवें मात्र भराभर सुधारत गेलीं. १९३७ सालीं अमेरिकन आरमारांतील डॉ. मिल्सपॉ यांनीं लॅटिन पेहराव चढवून या रोगास ‘डिमेन्शिया प्युजिलिस्टिका’ म्हटलें. १९४९ सालीं लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ मॅक्डोनाल्ड क्रिच्ली यांनीं ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’, म्हणजे आघातजन्य चिरकारी मेंदुविकार, हें नांव वापरलें. प्रेक्षकांची थट्टा अशा रीतीनें शास्त्राच्या पदवीस पोंचली.

मेंदूस इजा नेमकी होते कशी, याचा उलगडा या सुमारास ऑक्सफर्ड येथें होऊं लागला होता. कवटी न फुटतांहि माणूस बेशुद्ध कां पडतो, हें जुनें कोडें होतें. १९४१ सालीं डेनी-ब्राउन व रसेल यांनीं दाखविलें कीं, डोकें घट्ट बांधलेलें असेल तर जो फटका निरुपद्रवी ठरतो, तोच डोकें मोकळें असतां शुद्ध हरपवितो. म्हणजे खरा घात फटक्यापेक्षां डोक्यास बसणाऱ्या हिसक्यांत आहे. १९४३ सालीं होल्बर्न नांवाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें कवटीच्या आकारांत जिलेटिन भरून असें प्रतिपादन केलें कीं, सरळ धक्क्यापेक्षां डोकें गर्रकन् फिरण्यानें आंतील मऊ पदार्थ अधिक पिळवटतो. भांड्यांतलें दहीं भांडें उचलून ठेवल्यानें मोडत नाहीं, पण गर्रकन् फिरविल्यानें मोडतें, हें कोणतीहि गृहिणी सांगेल. हनुवटीवर बाजूनें बसणारा ठोसा नेमकें हेंच करतो. मेंदूंतील मज्जातंतूंचे लांब धागे त्यानें ताणले जातात व तुटतात.

याच ऑक्सफर्डांत ह्यू केर्न्स हे शस्त्रवैद्य होते. १९३५ सालच्या मे महिन्यांत मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांच्या अंथरुणाशीं ज्या वैद्यांस बोलाविण्यांत आलें त्यांत ते होते. लॉरेन्स वांचले नाहींत. पुढें केर्न्स यांनीं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून शिरस्त्राणाचा पुरस्कार केला, आणि त्यामुळें असंख्य प्राण वांचले यांत शंका नाहीं. परंतु शिरस्त्राण कवटीचें रक्षण करतें. आंतील पिळवटणें त्यानें फारसें थांबत नाहीं. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें, डोक्यावर टोप चढविला कीं काम झालें, अशी समजूत पुढें अर्धशतकभर नांदली.

मुष्टियोद्ध्यांविषयींचा भरभक्कम पुरावा यावयास १९६९ साल उजाडलें. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या विनंतीवरून डॉ. रॉबर्ट्स यांनीं परवानाधारक जुन्या योद्ध्यांच्या नोंदवहींतून यदृच्छेनें निवडलेल्या २२४ जणांस तपासलें आणि शेंकडा १७ जणांत मुष्टियुद्धजन्य मेंदुविकाराचीं चिन्हें पाहिलीं. मार्टलंड यांचा ‘जवळजवळ निम्मे’ हा अंदाज मोठा ठरला. पण शंभरांत सतरा ही संख्या कोणत्याहि कारखान्यांत खपवून घेतली गेली नसती. चारच वर्षांनीं कॉर्सेलिस व त्यांचे सहकारी यांनीं १५ मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूच्या दोन पोकळ्यांमधील पडदा फाटलेला, हालचालींचें नियमन करणाऱ्या काळ्या पेशी झडलेल्या, आणि बाह्यस्तरांत गुंतवळ झालेले तंतु, असें तें चित्र होतें. मार्टलंड यांस जें पाहावयास मिळालें नाहीं तें पंचेचाळीस वर्षांनीं टेबलावर आलें.

आपल्याकडील एक गोष्ट येथें आठवते. १९६२ च्या मार्चमध्यें बार्बेडोस येथें भारतीय क्रिकेट संघाचे नायक नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू बसून कवटी फुटली. प्रतिपक्षाचे नायक फ्रँक वॉरेल यांनीं रक्त दिलें. आपल्या संघांतील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनींहि दिलें. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पण पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत. हा प्रसंग आजहि हृदय हलवितो, आणि तें योग्यच आहे. परंतु फुटलेली कवटी सर्वांस दिसते. तिच्यासाठीं शत्रुपक्षहि रक्त देतो. जो आघात दिसत नाहीं, ज्यानंतर खेळाडू डोकें हलवून पुन्हां उभा राहतो व टाळ्या मिळवितो, त्याची गणति कोण ठेवणार? क्रिकेटमध्यें अशा खेळाडूच्या जागीं दुसरा घेण्याची मुभा कसोटी सामन्यांत मिळावयास २०१९ साल यावें लागलें.

अमेरिकन फुटबॉलचा इतिहास हेंच अधिक ठळकपणें सांगतो. १९०५ च्या हंगामांत त्या खेळांत इतके तरुण प्राणांस मुकले कीं, खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस बोलावून घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं नियम बदलले. मैदानावरील मृत्यु दिसत होता, म्हणून उपाय झाला. मैदान सोडल्यानंतर पंधरा-वीस वर्षांनीं येणाऱ्या बुद्धिभ्रंशाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २००२ च्या सप्टेंबरांत पिट्सबर्ग येथें माइक वेब्स्टर हा एके काळचा अत्यंत नामांकित खेळाडू ५० व्या वर्षीं हृदयविकारानें मरण पावला. शेवटचीं वर्षें त्यानें भ्रमिष्टासारखीं, कधीं मोटारींत झोंपून काढलीं होतीं. शवपरीक्षा करणारे डॉ. बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे. त्या खेळाचें त्यांस प्रेम नव्हतें कीं माहिती नव्हती. मेंदू बाहेरून सामान्य दिसला. ओमालू यांनीं तो टाकून न देतां स्वतःच्या खर्चानें त्याचे पातळ काप करविले, आणि त्यांत ‘टाउ’ नामक प्रथिनाचा विकृत सांठा त्यांस आढळला. २००५ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध करतांच, व्यावसायिक फुटबॉल संघांच्या महामंडळानें १९९४ सालीं नेमलेल्या मंडळांतील तिघांनीं तो निबंध मागें घेण्याची मागणी केली. त्या मंडळाचे अध्यक्ष संधिवाताचे तज्ज्ञ होते! निबंध मागें घेतला गेला नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. हजारों माजी खेळाडूंनीं फिर्यादी केल्या. २०१३ सालीं ७६.५ कोटि डॉलरांची तडजोड ठरली, न्यायाधीशांनीं ती रक्कम पुरेल कीं नाहीं अशी शंका घेतली, आणि २०१५ सालीं मर्यादा काढून टाकलेली तडजोड मंजूर झाली. २०१६ सालीं महामंडळाच्या अधिकाऱ्यानें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें खेळ व विकार यांचा संबंध कबूल केला. परंतु या तडजोडीच्या अंमलबजावणींत एक गोष्ट अशी होती कीं ती वाचून माणूस थक्क व्हावा. बुद्धि किती घटली हें मोजतांना कृष्णवर्णीय खेळाडूची मूळ बुद्धिच कमी होती असें गृहीत धरणारीं कोष्टकें वापरलीं जात. अर्थात् त्याची ‘घट’ कमी भरे आणि भरपाई नाकारली जाई. दोघां कृष्णवर्णीय खेळाडूंनीं २०२० सालीं न्यायालयांत धांव घेतल्यावर २०२१ सालीं ही प्रथा सोडण्याचें महामंडळानें मान्य केलें. रोजावर ठोसे खाणारे मार्टलंड यांचे गडी येथें पुन्हां भेटतात.

तज्ज्ञांच्या साक्षीचा तोल राखणें मात्र अवश्य आहे. २०१७ सालीं बोस्टन येथील डॉ. अॅन मक्की व त्यांचे सहकारी यांनीं १११ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकीं ११० त हा विकार पाहिला, आणि वृत्तपत्रांनीं मोठे मथळे दिले. पण ते मेंदू दान केलेले होते. ज्यांच्या कुटुंबांस शंका आली त्यांनींच बहुधा ते दिले. त्यावरून प्रत्येक खेळाडू रोगी ठरत नाहीं, आणि त्या संशोधकांनींहि तसें म्हटलेलें नाहीं. जिवंत माणसांत या विकाराचें निश्चित निदान अद्याप होत नाहीं. तें मेल्यावरच होतें. यामुळें प्रत्येक पक्षास आपल्या सोयीपुरती शंका काढावयास जागा राहते. तथापि शंका आणि अज्ञान या दोन वस्तु एक नव्हेत. किती वेळां शुद्ध हरपली यापेक्षां किती वर्षें डोक्यावर लहानमोठे हिसके बसत राहिले हें अधिक महत्त्वाचें आहे, असें अलीकडील अभ्यासांचा बहुमताचा कौल सांगतो.

२००२ सालच्याच जानेवारींत इंग्लंडांत जेफ अॅस्टल हा फुटबॉलपटू ५९ व्या वर्षीं वारला. डोक्यानें चेंडू मारण्यांत तो निष्णात होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें कारण लिहिलें: व्यवसायजन्य रोग. घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींच्या बाबतींत जो शब्द मिळवावयास झगडावें लागलें तोच हा शब्द. तो मिळूनहि बारा वर्षें कांहीं घडलें नाहीं. २०१४ सालीं ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनीं जपून ठेवलेला तो मेंदू पुन्हां तपासला तेव्हां मुष्टियोद्ध्यांचा रोग त्यांत सांपडला. याच संशोधकांनीं २०१९ सालीं ७,६७६ स्कॉटिश माजी फुटबॉलपटूंच्या मृत्यूंची इतर लोकांशीं तुलना केली. हृदयविकारानें व फुप्फुसाच्या कर्करोगानें हे खेळाडू कमी मेले. व्यायामाचा लाभ त्यांस मिळाला होता. मेंदूच्या ऱ्हासानें मात्र ते साडेतीन पट अधिक मेले. दोन वर्षांनीं त्यांनीं खेळाडूंच्या जागांवार हिशेब मांडला. डोक्यानें चेंडू परतविण्याचें काम ज्यांच्याकडे अधिक येतें त्या बचावपटूंत हा धोका जवळजवळ पांचपट निघाला. गोलरक्षकांत, ज्यांस चेंडू हातानें धरण्याची मुभा आहे, सामान्य लोकांहून निश्चित म्हणतां येईल असा फरक आढळला नाहीं.