डेटा बाइंडिंग : प्रारंभिक मूल्ये

डेटा बाइंडिंगमध्ये जावास्क्रिप्टमधले मॉडेल आणि पानावरचे घटक एकमेकांशी बांधलेले असतात. एक बदलले की दुसरे बदलते. पण बांधणी होते त्या क्षणी काहीच बदललेले नसते. तेव्हा पानावर काय दिसावे, याचे एकच उत्तर कसोटीला उतरते: बांधताक्षणी मॉडेलमधले मूल्य पानावर लिहावे आणि मार्कअपमध्ये आधी असलेल्या मूल्याला मॉडेलवर हक्क देऊ नये.

पहिले चित्रण, म्हणजे मूल्य पानावर पहिल्यांदा दाखवणे, ही लायब्ररीने जाता जाता दिलेली सोय समजली जाते, ते बरोबर नाही. २०१० साली आलेल्या बॅकबोन या लायब्ररीमध्ये ‘चेंज’ इव्हेंट मूल्य बदलल्यावरच येतो. नुसता तोच ऐकणारा घटक सुरुवातीला रिकामा राहतो आणि रेंडर एकदा स्वतः बोलवावे लागते. त्याच वर्षीच्या, स्टीव्ह सँडरसन यांच्या नॉकआउट या लायब्ररीमध्ये मात्र अप्लाय-बाइंडिंग्ज हे बांधणीचे फंक्शन चालताच प्रत्येक बाइंडिंग एकदा चालते आणि त्या वेळी कोणकोणती ऑब्झर्व्हेबल्स (बदल कळवणारी मूल्ये) वाचली याची नोंद होते. पुढचे सारे बदल याच नोंदीवरून पोहोचतात. म्हणजे पहिली फेरी गाळली तर नंतरचे अपडेटही थांबतील.

मार्कअपला हक्क दिला की काय होते, हे नॉकआउटच्याच सिलेक्टमध्ये, म्हणजे पर्याय निवडण्याच्या यादीत, दिसते. पर्यायांची यादी सर्व्हरवरून उशिरा आली आणि मॉडेलमधले मूल्य तिच्यात तेव्हा नसले, तर नॉकआउट ते मूल्य पुसून यादीत जे निवडलेले असेल ते मॉडेलमध्ये भरते. वापरणाऱ्याने कशालाही हात न लावता त्याची माहिती नाहीशी होते, आणि हे गंभीर आहे. ते टाळायला ३.१ आवृत्तीत व्हॅल्यू-अलाउ-अनसेट हा पर्याय आला. व्ह्यू.जेएस या लायब्ररीच्या पहिल्या आवृत्तीतही मार्कअपला असा हक्क होता: इनपुटवर लिहिलेले मूल्य व्ही-मॉडेल या बाइंडिंगचे प्रारंभिक मूल्य ठरे. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही सवलत काढून घेतली.

यावर आक्षेप असा की सर्व्हरने भरून पाठवलेले पान स्क्रिप्ट येण्याआधीच वाचता येते. तेच मूल्य मॉडेलमध्ये पुन्हा कशाला? पण पान आणि मॉडेल दोन्ही एकाच जेसनमधून तयार केली तर पुनरुक्ती झाली तरी विसंगती होत नाही. ते जेसन पानातल्या स्क्रिप्टमध्ये ठेवताना ‘<’ हे चिन्ह एस्केप करायलाच हवे, नाहीतर परका कोड घुसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्क्रिप्ट पोहोचण्याआधी कोणी इनपुटमध्ये टाइप केले, किंवा रीलोडनंतर ब्राउझरने जुना मजकूर परत भरला, तर मॉडेलला ठाऊक नसलेली गोष्ट पानाला ठाऊक असते. तिथेही पानावरचे मूल्य बांधणीपूर्वी एकदाच वाचून मॉडेलमध्ये घालावे आणि मगच बांधावे. हक्क मॉडेलकडेच राहतो. खरा अपवाद फाइल निवडण्याच्या इनपुटचा. सुरक्षेसाठी ब्राउझर स्क्रिप्टला तिथे फाइलचे नाव लिहू देत नाही, त्यामुळे ते बाइंडिंग पानाकडून मॉडेलकडे एकाच दिशेने चालते.