गोळी कुटल्यावर

व्हर्जिनियाच्या नकाशात पश्चिमेला एक निमुळतं टोक केंटकी आणि टेनेसीच्या मध्ये घुसलेलं दिसतं. ती ली काउंटी. कोळशाच्या खाणी, तंबाखूची शेतं, आणि खाणीत पाठ-गुडघे घालवून बसलेली माणसं. वेदनाशामक गोळ्या घरोघरी होत्याच. १९९६ साली पर्ड्यू फार्मानं ऑक्सिकाँटिन बाजारात आणलं आणि ते अशा गावांत भराभर पसरलं.

या गोळीची रचना आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. ऑक्सिकोडोन हे अफूच्या कुळातलं औषध जुनंच. नवीन होतं ते बारा तास हळूहळू पाझरण्याचं तंत्र. त्यामुळे एकेका गोळीत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त औषध भरता आलं. सावकाश शोषलं गेल्यानं गैरवापराचा धोका कमी होतो असं मानलं जातं, अशा अर्थाचं वाक्य सरकारमान्य माहितीपत्रकातच होतं. पोरांनी गोळी कुटली आणि नाकात ओढली. बारा तासांचा डोस एकदम मोकळा! (मी सॉफ्टवेअर लिहितो. सगळी सुरक्षा एकाच थरावर टांगू नये, हे आमच्याकडे नवख्या पोरालाही शिकवतात. हे वाक्य मंजूर कसं झालं, याचं मला अजून नवल वाटतं.)

ली काउंटीतल्या सेंट चार्ल्समध्ये डॉ. आर्ट व्हॅन झी १९७६पासून रुग्ण तपासत होते. आता त्यांच्याच ओळखीच्या घरांतली तरुण मुलं व्यसनी होऊन समोर येऊ लागली. त्यांनी आधी कंपनीला कळवलं. मग २००१ साली हे औषध मागे घ्या अशी मागणी करणारा अर्ज गावकऱ्यांच्या सह्यांनिशी पुढे केला. औषध मागे घेतलं गेलं नाही. कसं घेणार? १९९६मध्ये ४.८ कोटी डॉलरची असलेली विक्री २०००पर्यंत ११० कोटींच्या आसपास पोचली होती. २००७मध्ये ॲबिंग्डनच्या कोर्टात पर्ड्यूची संलग्न कंपनी आणि तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. एकूण दंड ६३.४५ कोटी डॉलर. तुरुंगात कोणी गेलं नाही.

केंटकीनं १९९९मध्येच कॅस्पर नावाची, प्रिस्क्रिप्शनांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही सुरू केली होती. कल्पना उत्तम, पण तेव्हा डेटाबेस राज्याच्या हद्दीत थांबायचा आणि माणूस गाडीत बसून हद्द ओलांडायचा.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीची गोष्ट. तिथे फ्रेड ब्रेसन हे हॉस्पिसमध्ये धर्मोपदेशक होते. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या गोळ्या घरातलेच लोक पळवतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे पुरवठा कुठल्या टोळीकडून नव्हे, तर आजोबांच्या उशाशी असलेल्या डबीतून होत होता. त्यातून प्रोजेक्ट लाझरस उभा राहिला. गोळ्या कुलपात ठेवा, उरलेल्या परत आणून द्या, हे शाळांत आणि चर्चमध्ये सांगितलं गेलं. डॉक्टरांना जपून लिहायला शिकवलं. धोक्यातल्या रुग्णांच्या घरी नॅलोक्झोन दिलं, म्हणजे श्वास मंदावला तर घरच्यांनाच उतारा देता येईल.

२००९मध्ये तिथे लाखामागे ४६.६ माणसं ओव्हरडोसनं मेली होती, २०१०मध्ये २९. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे: २००८मध्ये अशा मृतांपैकी ८२ टक्क्यांना अफूवर्गीय गोळ्या विल्क्समधल्याच डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, २०१०मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं.